गुरुवारी दुपारी मोकळे असाल तर काहिन सेंटरला जाच
अमेरिकेतल्या इथाकात राहताय आणि कॉर्नेल विद्यापीठाच्या साउथईस्ट एशिया प्रोग्रामच्या (आग्नेय आशियाचा अभ्यास करणारा विभाग) कार्यक्रमांना अजून गेला नसाल तर काय करताय राव. स्टुअर्ट अ‍ॅव्हेन्यूवर काहिन सेंटर म्हणून जुनं मोठं घर आहे, तिथे सेमिस्टर चालू असताना गुरुवारी दुपारी गॅटी लेक्चर, म्हणजे आग्नेय आशियावरचं व्याख्यान असतं, फुकट, विद्यार्थी नसलात तरी कोणी हटकत नाही. हा प्रोग्राम १९५० पासूनचा, म्हणजे बुजुर्ग मंडळी. १९६५ च्या इंडोनेशियातल्या उलथापालथीवर इथल्याच लोकांनी रिपोर्ट लिहिला आणि त्यातले बेनेडिक्ट अँडरसन यांना पुढे हुकूमशहा सुहार्तोच्या राजवटीत इंडोनेशियात जायलाच बंदी झाली, त्यामुळे इथे राजकारणावर बोलणं गुळमुळीत नसतं.

विषय फार बारीक असतात हे मात्र खरं, कधी कधी पहिली वीस मिनिटं डोक्यावरून जातात, पण प्रश्नोत्तरांना थांबा, खरी मजा तिथे, पीएचडीवाली पोरं वक्त्याला सोडत नाहीत.

गॅमेलानचा (इंडोनेशियातला पारंपरिक वाद्यवृंद) कार्यक्रम लागला तर तो अजिबात चुकवू नका, काशाच्या घंटांचा तो घुमणारा आवाज मोबाइलवर ऐकून काही कळत नाही हो. आणि सोबत वायांग, म्हणजे तिथला सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ असेल तर आपल्याला बोनस, पडद्यावर अर्जुन ओळखीचाच वाटतो, पण सेमार हा ढेरपोट्या विदूषक व्यासांच्या महाभारतात नाही, तो पक्का जावाचा, आणि सगळा भाव तोच खाऊन जातो.

पार्किंगचं आधी बघा, शक्यतो बसनेच जा. थंडीत चांगले बूट घाला, चढ जीव काढतो.