कुनिबेर्तीची कधीच न बांधलेली युद्धनौका: स्प्रिंगशार्प, रूल द वेव्हज ३ की अल्टिमेट अ‍ॅडमिरल?

१९०३ च्या 'जेन्स फायटिंग शिप्स' या युद्धनौकांच्या वार्षिक संदर्भग्रंथात वित्तोरिओ कुनिबेर्ती या इटालियन नौदल अभियंत्याचा एक लेख आला. ब्रिटिश नौदलासाठी आदर्श युद्धनौका कशी असावी, हा त्याचा विषय. १७,००० टन वजन, १२ इंची बारा तोफा, १२ इंच जाडीचा चिलखती पट्टा आणि २४ नॉट (ताशी सागरी मैल) वेग, अशी त्याची मागणी होती. इटलीच्या नौदलाला हे प्रकरण झेपणारं नव्हतं, म्हणून लेख बाहेर छापायला परवानगी मिळाली. नौका कागदावरच राहिली. १९०६ मध्ये ब्रिटनची ड्रेडनॉट पाण्यात उतरली आणि सगळ्या मोठ्या तोफा एकाच मापाच्या ठेवायची कल्पना खरी झाली, पण तोफा, चिलखत आणि वेग यांचे आकडे खाली आलेले होते आणि वजन वाढलेलं होतं.

ही कागदी नौका संगणकावर उभी करायची असेल, तर सॉफ्टवेअरची तीन नावं हमखास पुढे येतात: स्प्रिंगशार्प, रूल द वेव्हज ३ आणि अल्टिमेट अ‍ॅडमिरल: ड्रेडनॉट्स. निवड करण्याआधी एक तक्ता बघा.

| | कुनिबेर्तीचा आराखडा | ड्रेडनॉट | इन्विन्सिबल |
|---|---|---|---|
| वजन (टन) | १७,००० | सुमारे १८,१०० | सुमारे १७,२५० |
| १२ इंची तोफा | १२ | १० | ८ |
| पट्ट्याची जाडी | १२ इंच | ११ इंच | ६ इंच |
| वेग (नॉट) | २४ | २१ | २५ |
| अश्वशक्ती | – | २३,००० | ४१,००० |

खरी गंमत तिसऱ्या रकान्यात आहे. ब्रिटनचीच इन्विन्सिबल १९०७ मध्ये पाण्यात उतरली. वजन जवळजवळ कुनिबेर्तीच्या नौकेएवढंच आणि वेग एक नॉट जास्त, पण त्यासाठी चिलखत निम्म्यावर आणि तोफा आठांवर आणाव्या लागल्या. म्हणजे जे सॉफ्टवेअर कुनिबेर्तीचे चारही आकडे मुकाट्याने मान्य करेल, ते आपल्या कामाचं नाही. नकार देणारं हवं, आणि वजन कुठे संपलं हे सांगणारंही हवं. माझी कसोटी एवढीच.

या कसोटीवर स्प्रिंगशार्प बाकी दोघांच्या बरंच पुढे आहे. ते फुकट आहे, जुन्या विंडोज लॅपटॉपवरही चालतं आणि दिसायला अगदी रुक्ष आहे. चित्र नाही, लढाई नाही, नुसत्या आकड्यांच्या चौकटी. लांबी, रुंदी, बुडती खोली, तोफा, दर तोफेमागे गोळे, पट्ट्याची लांबी-उंची-जाडी, बॉयलर, इंजिन हे सगळं भरायचं. मग ते अहवाल देतं: कोणत्या गोष्टीवर किती टक्के वजन गेलं, हलची, म्हणजे नौकेच्या मूळ सांगाड्याची, ताकद किती, स्थैर्य किती, समुद्रात नौका कशी वागेल. हलच्या ताकदीचा आकडा १ च्या खाली गेला की समजायचं, ओझं जास्त झालं.

त्यातली सर्वांत मोलाची सोय म्हणजे बांधणीचं वर्ष आणि इंजिनाचं वर्ष वेगवेगळं देता येतं. कुनिबेर्तीच्या बाबतीत सगळं इथेच अडतं. वेग वाढला की लागणारी शक्ती साधारण घनाच्या हिशेबाने वाढते. ड्रेडनॉटच्या आकड्यांवरून मोजलं, तर १७,००० टनांना २४ नॉटसाठी निदान ३३,००० अश्वशक्ती हवी, आणि प्रत्यक्षात त्याहून जास्त, कारण वरच्या वेगांना लाटांचा विरोध घनापेक्षाही चढा होतो. १९०३ मध्ये एकाही मोठ्या चिलखती युद्धनौकेत (बॅटलशिपमध्ये) टर्बाइन नव्हतं. पहिला मान ड्रेडनॉटचा. तेव्हा दट्ट्याची वाफेची इंजिनं निवडा, वर्ष १९०३ ठेवा आणि यंत्रसामग्रीचं वजन काय होतं ते बघा. मग टर्बाइन निवडून पुन्हा बघा. कुनिबेर्तीचा आराखडा नेमका कुठे फसतो, हे एवढ्या स्पष्टपणे दुसरीकडे कुठे कळणार नाही.

पण स्प्रिंगशार्पला फसवणंही सोपं आहे. चिलखताची जाडी १२ इंच ठेवायची आणि पट्ट्याची उंची गुपचूप कमी करायची, किंवा दर तोफेमागचे गोळे कापायचे (ड्रेडनॉटवर ते ८० होते), की अहवाल लगेच गोड बोलू लागतो. म्हणून आधी ड्रेडनॉट आणि इन्विन्सिबल त्यात भरून घ्याव्यात. आपली पट्ट्याची उंची, गोळे आणि कोळसा या दोन खऱ्या नौकांशी जुळला, की तेच माप कुनिबेर्तीला लावायचं. लांबीबाबतही याच दोघी वाट दाखवतात: ड्रेडनॉट ५२७ फूट लांब आणि ८२ फूट रुंद, तर इन्विन्सिबल ५६७ फूट लांब आणि साडेअठ्ठ्याहत्तर फूट रुंद. वेगासाठी हल लांब-अरुंद करावी लागते आणि लांब हलला चिलखतही जास्त लागतं. तोफा कोणत्या कोनातून मारा करू शकतील, हे मात्र स्प्रिंगशार्पला कळत नाही. ड्रेडनॉटच्या दहापैकी एका बाजूला आठच तोफा चालत, हा हिशेब तुम्हालाच कागदावर करावा लागेल.

रूल द वेव्हज ३ हा खेळ आहे, १८९० पासून पुढे चालणारा. यात तुम्ही नौदलप्रमुख. आराखडा करायचा, अर्थसंकल्पातून पैसे काढायचे, नौका बांधायची आणि लढाईत उतरवायची. आराखड्याच्या पानावर वजन उरलं की संपलं ते लगेच दिसतं, पण हलचं आकारमान, पट्ट्याची उंची असल्या गोष्टी खेळ आपल्या हिशेबाने धरतो. शिवाय तंत्रज्ञान संशोधनातून मिळतं. जादा टरेटची (तोफांच्या फिरत्या मनोऱ्यांची) मांडणी तुमच्या देशाला अवगत झालेली नसेल, तर बारा तोफांची नौका मांडताच येत नाही. आराखडा जसाच्या तसा उतरवायचा असेल, तर ही अडचण आहे. मला मात्र हीच त्याची ताकद वाटते. कुनिबेर्तीला इटलीत जो नकार मिळाला, त्यात गोदीची क्षमता आणि पैसा हे प्रश्न होतेच, आणि ते हा खेळ थेट विचारतो. चित्र म्हणाल तर वरून दिसणारी साधी आकृती.

अल्टिमेट अ‍ॅडमिरल: ड्रेडनॉट्स डोळ्यांना सर्वांत सुखद. त्रिमितीय नौका, धुराडी आणि टरेट हाताने बसवायची, माऱ्याचे कोन समोर रंगवलेले. एक टरेट दुसऱ्याच्या आड येतो हे इथे दिसतं, स्प्रिंगशार्पमध्ये नाही. स्वतंत्र लढाई निवडून अर्ध्या तासात तुमची नौका तोफा डागू लागते. पण हल तयार साच्यातली निवडावी लागते आणि वजनही त्या साच्याच्या मर्यादेतच सरकतं. कुनिबेर्तीची हल तुम्हाला मिळणार नाही. जवळपासची मिळेल, तिच्यावर हव्या तशा तोफा चढवता येतील. इतिहासाचा प्रश्न सोडवायला हे अपुरं आहे.

(हलच्या रेषा स्वतः काढायच्या असतील, तर डेल्फ्टशिप हे चौथं नाव. त्याची मोफत आवृत्ती पुरते, पण त्याला तोफा आणि चिलखताशी देणंघेणं नाही.)

तेव्हा, ही नौका शक्य होती का, एवढंच हवं असेल तर स्प्रिंगशार्प घ्या आणि पैसे वाचवा. कोणत्या देशाला ती परवडली असती, हे हवं असेल तर रूल द वेव्हज ३. शिकायला वेळ लागतो, घाईच्या माणसाने टाळावं. भिंतीवर लावायला चित्र हवं असेल तर अल्टिमेट अ‍ॅडमिरल, पण त्यावर १७,००० टन लिहिण्याआधी स्प्रिंगशार्पचा अहवाल काढून बघा. दोन्ही विकत घेण्याइतके पैसे असतील, तरी आधी रूल द वेव्हज घ्या. अल्टिमेट अ‍ॅडमिरल स्टीम या संगणक-खेळांच्या ऑनलाइन दुकानात सवलतीत येईपर्यंत थांबलेलं चालेल.