चित्रकला की कलेतिहास? बारावीनंतर ठरवताना

हा प्रश्न बहुतेक घरांत 'हात चांगला आहे का' एवढ्यावरच निकालात निघतो. चार वर्षे रोज उठून नेमके काय करायचे आहे, हे पाहिले तर निवड बरीच सोपी होते.

महाराष्ट्रात पदवीला प्रामुख्याने बीएफए, म्हणजे ललित कलांची चार वर्षांची पदवी आहे. तिच्या प्रवेशपरीक्षेत, म्हणजे सीईटीत, वस्तुचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र ही प्रात्यक्षिके आणि सामान्यज्ञानाचा पेपर असतो. (मुंबईच्या जे.जे. कलामहाविद्यालयाला २०२३ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला, त्यामुळे तिथले माहितीपत्रक वेगळे वाचा.) या अभ्यासक्रमांत कलेतिहास हा लेखी परीक्षेचा एक विषय असतो. तोच मुख्य विषय हवा असेल तर आपल्याला जवळचे ठिकाण बडोदा, नाहीतर शांतिनिकेतनचे कलाभवन. बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात चित्रकला आणि कलेतिहास एकाच आवारात शिकवतात. तिथला चित्रकला विभाग सुरुवातीला घडवला तो चित्रकार ना. श्री. बेंद्रे यांनी. चित्रकार गुलाममोहम्मद शेख यांनी तिथे आधी कलेतिहास शिकवला, मग चित्रकला. दोन विभागांमधली भिंत किती पातळ असू शकते, हे यावरून कळते.

पेंटिंगच्या विद्यार्थ्याचा दिवस साहित्यात जातो. कॅनव्हास ताणणे, प्रायमरचे (रंगाखालच्या अस्तराचे) दोन-तीन हात देणे, प्रत्येक हात सुकल्यावर घासणे आणि मग रंग. तैलरंगात खालचे थर पातळ आणि कमी तेलाचे, वरचे जास्त तेलाचे हवेत. उलट झाले तर वरचा थर आधी सुकतो, खालचा नंतर आकसत राहतो आणि चित्राला चिरा पडतात. रॉ अंबर या तपकिरी रंगात मँगनीज असते म्हणून तो लवकर सुकतो. आयव्हरी ब्लॅक बरेच दिवस ओला राहतो. सबमिशनच्या आदल्या आठवड्यात, त्यातही पावसाळ्यात, काळ्याचा जाड थर दिला की चित्र ओलेच न्यावे लागते. हा खर्च आणि ही वेळखाऊ तयारी चारही वर्षे चालते. वसतिगृहाच्या खोलीत मोठे कॅनव्हास ठेवायला जागा नसते, याचा विचारही आधीच करा.

कलेतिहासात साहित्याचा खर्च कमी, पण वाचन प्रचंड, तेही बहुतांश इंग्रजीत. पुढे संशोधन करायचे तर विषयाप्रमाणे संस्कृत, फारसी किंवा मोडी लागते. मेणवलीच्या, नाना फडणवीसांच्या वाड्यातल्या भित्तिचित्रांवर काम करणाऱ्याला मोडी कागदपत्रे टाळता येत नाहीत. पहिल्या वर्षी बहुतेकांच्या दोन चुका होतात. पहिली, चित्राचे वर्णन करायचे सोडून त्यातली कथा लिहिणे. दुसरी, माप न पाहणे: पडद्यावर हातात मावणारे पहाडी लघुचित्र आणि अजिंठ्याची भिंत सारखीच मोठी दिसतात. म्हणून शैलीचे नाव लिहिण्याआधी माप, माध्यम आणि मूळ जागा या तीन गोष्टी वहीत नोंदवायची सवय लावून घ्यावी लागते.

तरी कलेतिहासाच्या विद्यार्थ्याने रंगाचा डबा उघडलाच पाहिजे, असे आमचे ठाम मत आहे. एकोणिसाव्या शतकात जे.जे.तले शिक्षक जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली तिथल्या विद्यार्थ्यांनी अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला केल्या. त्या काळात मूळ चित्रांवर व्हार्निशचा पारदर्शक थर चढवला गेला आणि तो पुढे पिवळा पडला. व्हार्निश म्हणजे काय आणि ते रंगाचे काय करते हे ज्याला हाताने माहीत नाही, तो त्या पिवळेपणालाच मूळ रंगसंगती समजून लिहील.

पुढचे दरवाजे मात्र सारखे नाहीत. पेंटिंगच्या एमएफएला (पदव्युत्तर पदवीला) साधारणपणे बीएफए आणि पोर्टफोलिओ मागतात. कलेतिहासाच्या एमएला अनेक ठिकाणी कोणत्याही शाखेचा पदवीधर चालतो. म्हणून खरोखर दोलायमान असाल तर आधी बीएफए करा, कलेतिहास नंतरही गाठता येतो. ज्याला रोज हात काळे करण्याचा कंटाळा आहे, त्याने मात्र चार वर्षे केवळ पदवीसाठी घालवू नयेत. इतिहास किंवा संस्कृत घेऊन बीए करावे आणि तिथून यावे. महाविद्यालयात अध्यापनासाठी लागणाऱ्या नेट या पात्रता परीक्षेत दृश्यकला हा एकच विषय आहे आणि त्यातच कलेतिहासाचा वैकल्पिक भाग येतो. संग्रहालये, गॅलऱ्या, लिलावगृहे आणि अभिलेखागारे कलेतिहासवाल्यांना घेतात, पण जागा थोड्या असतात. चित्रे विकून घर चालवणे त्याहून अनिश्चित. शाळेत चित्रकला शिक्षक व्हायचे तर एटीडी या कलाशिक्षक पदविकेचा रस्ता वेगळा आहे.

अर्ज भरण्याआधी एक दिवस मुंबईजवळच्या घारापुरीला (एलिफंटा) जा, सोमवार सोडून, कारण त्या दिवशी लेणी बंद असतात. दक्षिण भिंतीवरच्या सदाशिवासमोर बसा. सगळे त्याला त्रिमूर्ती म्हणतात, पण ती ब्रह्मा-विष्णू-महेश नव्हेत, तिन्ही मुखे शिवाचीच आहेत. तुमच्या डावीकडे उग्र अघोर, उजवीकडे कमळ धरलेला कोमल वामदेव. पहिले दोन तास कोळशाने फक्त डावे मुख काढा. मग दोन तास वहीत लिहा: अघोराचा ओठ वामदेवाच्या ओठापेक्षा कसा वेगळा कोरला आहे, प्रकाश कुठून येतो, मधले मुख डोळे मिटून का आहे. लाँचची वेळ झाली तरी दोहोंपैकी जे काम हातातून सुटत नव्हते, त्याचा अर्ज आधी भरा.