पितळी, पीव्हीसी की बिडाचा? घरच्या मोटारीसाठी फूट व्हॉल्व्ह निवडताना

मोटार फिरते, आवाज येतो, पण टाकीत थेंब पडत नाही. मग रोज सकाळी मोटारीचं झाकण उघडून तांब्याने पाणी ओता. सांगलीत आड किंवा हौद असलेल्या घरांना हे नवीन नाही. अशा वेळी प्लंबर म्हणतो, 'फुटबॉल गेलाय, नवीन आणा.' फुटबॉल म्हणजे फूट व्हॉल्व्ह, पाणी ओढणाऱ्या सक्शन पाइपाच्या खालच्या टोकाला बसणारा, पाइपातलं पाणी परत उतरू न देणारा. दुकानदार पुढ्यात तीन ठेवतो आणि आपण किमतीकडे बघत बसतो.

नवा घेण्याआधी जुन्याचा गुन्हा सिद्ध करा. मोटार बंद करा, बाहेर दिसणारा सक्शन पाइप फडक्याने कोरडा पुसा, झाकण उघडून काठोकाठ पाणी भरा आणि दहा मिनिटं बघा. पातळी उतरली आणि एखादा जोड ओला झाला, तर दोष जोडाचा. सगळं कोरडं राहून पाणी खाली गेलं, तर व्हॉल्व्ह धरत नाही. ही तपासणी मोटार बंद ठेवूनच करायची, कारण चालू मोटारीत तो जोड गळत नाही, उलट हवा ओढतो. म्हणून तर तो सापडत नाही.

आता निवड. पीव्हीसीचा सगळ्यात स्वस्त, गंजत नाही, वजनाला हलका. नळाचं पाणी साठवणाऱ्या हौदाला तो पुरतो. तिथे पितळीवर पैसे घालायची गरज मला वाटत नाही. मात्र पान्याने जोर लावून आवळला की आटे चिरतात. टेफ्लॉन टेप गुंडाळून हातानेच बसवा, शेवटी जेमतेम अर्धा फेरा पान्याने.

पितळी बहुतेक स्प्रिंगचा असतो. पाणी थांबलं की स्प्रिंग लगेच बंद करते, त्यामुळे पाइप थोडा तिरका असला तरी चालतो. आडाचं पाणी स्वच्छ असेल तर माझं मत यालाच. पण बारीक वाळू दांड्यात अडकली की तो अर्धवट उघडा राहतो, आणि जड पाण्यात क्षारांचा थर जमतो. वर्षातून एकदा काढून तासभर लिंबूसत्त्वाच्या पाण्यात ठेवा, जुन्या टूथब्रशने घासा.

बिडाच्या व्हॉल्व्हमध्ये झडप असते. तो जड आणि गंजणारा, पण वाट मोठी असल्याने गाळ सहन करतो, आणि रबरी वायसर बदलला की बऱ्याचदा पुन्हा धरतो. तो उभाच बसवावा लागतो. 2019 च्या महापुरानंतर कृष्णाकाठच्या आडांत जसा गाळ साचला, तशा ठिकाणी स्प्रिंगवाल्यापेक्षा हा बरा. आड आधी उपसून घ्या मात्र, नाहीतर कुठलाच टिकणार नाही.

कोणताही घ्या, साइज सक्शन पाइपाइतकाच. तळापासून फूटभर वर आणि उन्हाळ्यातल्या पातळीखाली निदान दीड फूट राहील असा सोडा. वर राहिला तर भोवरा होऊन हवा शिरते.

काही घरांत याची गरजच नसते. मोटार हौदाच्या पातळीखाली असेल तर पाणी आपोआप मोटारीत उतरतं. सेल्फ प्रायमिंग मोटार आपल्या पोटात पाणी राखते, पण पाइप रिकामा असेल तर दर वेळी आधी हवा बाहेर काढत बसते. लांब पाइपाला फूट व्हॉल्व्ह असलेला बरा. आणि जत, आटपाडीकडे उन्हाळ्यात पाणी खोल गेलं की वरून ओढणारी मोटारच कुचकामी. पाणी वर ओढण्याची मर्यादा समुद्रसपाटीला कागदावर 10.3 मीटर, सांगलीच्या साधारण 550 मीटर उंचीवर त्याहून अर्धा मीटर तरी कमी, आणि प्रत्यक्षात 23-25 फुटांपुढे भरवसा नाही. तिथे व्हॉल्व्ह बदलत बसू नका, पाण्यात बुडून चालणारी सबमर्सिबल मोटार घ्या.

बसवताना व्हॉल्व्हला नायलॉनची दोरी बांधून वर काठाला अडकवा. पुढच्या वेळी काढताना जोड निसटला तर व्हॉल्व्ह आडाच्या तळाशी जाणार नाही.