सायलो की फिरतं क्षेपणास्त्र? वादविवादाची बाजू निवडणाऱ्यांसाठी

दादरला आमच्या अभ्यासवर्गातली मुलं आंतरमहाविद्यालयीन वादविवादाची तयारी करताहेत. विषय: भारताने अण्वस्त्रं पक्क्या सायलोत, म्हणजे क्षेपणास्त्र ठेवायच्या जमिनीखालच्या मजबूत विहिरीत, ठेवावीत की गाड्यांवर फिरती? कुठली बाजू घ्यायची, यावर घोडं अडलंय.

सुरुवात आपल्या धोरणापासून करा. पहिला वार आपण करणार नाही, हे २००३ मध्ये सरकारने अधिकृतपणे मांडलं. म्हणजे शत्रूचा पहिला घाव सोसून जे उरेल, त्यावरच आपला सगळा धाक. क्षेपणास्त्र किती लांब जातं हे नंतर. आधी ते वाचतं का, ते बघा.

सायलोची राखण सोपी, संपर्क भरवशाचा. पण त्याची जागा उपग्रहाला कायमची ठाऊक. अमेरिकेची सायलोतली मिनिटमन क्षेपणास्त्रं ४०० आहेत. काही गेली तरी बरीच उरतील. आपला साठा लहान, आपल्याला हा हिशेब परवडत नाही.

फिरत्या बाजूचा सगळ्यात भक्कम दाखला १९९१ च्या आखाती युद्धाचा. इराकच्या फिरत्या स्कड क्षेपणास्त्रांसाठी शत्रूच्या विमानांनी वाळवंट पिंजून काढलं, तरी हवाई हल्ल्यात एक तरी फिरता प्रक्षेपक नक्की नष्ट झाला, असं नंतरच्या पाहणीत सिद्ध झालं नाही. मात्र आजचे रडार उपग्रह ढगांतूनही पाहतात, हे विरोधक काढणारच.

सप्टेंबर २०२५ मध्ये आपण रेल्वेवरून अग्नी-प्राइम क्षेपणास्त्र चाचणीसाठी डागलं. पल्ला २,००० किलोमीटरपर्यंत. मालगाड्यांच्या गर्दीत अशी गाडी हुडकणं कठीण. पण रूळ ठरलेले असतात. रविवारच्या मेगाब्लॉकमध्ये अडकलेल्या मुंबईकराला हे समजावावं लागणार नाही. एक पूल पडला की मार्ग बंद.

पाणबुडी लपायला सर्वांत उत्तम. अरिहंतची पहिली गस्त २०१८ मध्ये पूर्ण झाली. पण ती महाग, खोल पाण्यात संपर्क अवघड, आणि या विषयात ती तिसरी बाजू. तिच्यात वेळ घालवू नका.

मी फिरती बाजू घेईन. फक्त एका प्रश्नाची तयारी ठेवा: क्षेपणास्त्राची गाडी कल्याणला उभी राहिली, तर कल्याणच निशाण्यावर येणार नाही का? अमेरिकेच्या रेल्वे योजनेत २५ गाड्यांवर ५० क्षेपणास्त्रं होती. एरवी त्या लष्करी तळावरच राहणार, संकटात बाहेर पडणार, असं ठरलं होतं. १९९१ मध्ये योजनाच रद्द झाली. गाड्या एरवी तळावरच राहतील, हेच उत्तर द्या, पण पुढचा प्रश्नही ओळखून ठेवा. ऐन तणावात तळावरून गाड्या निघालेल्या दिसल्या, तर समोरचा ती हल्ल्याचीच तयारी समजेल.