जुन्या डेस्कटॉपची रॅम घेताना माझे ११५० रुपये कसे गेले

बाबांचा डेस्कटॉप २०१२ चा. इंटेलचा आय३-२१२० प्रोसेसर, इंटेलच्याच एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, ४ जीबी रॅम. सोसायटीचा हिशोब ते त्याच्यावरच करतात आणि नवीन घेऊया म्हटलं की "चालतंय की, कशाला?" हे ठरलेलं. पण एक्सेल आणि क्रोम एकदम उघडलं की मशीन झोपायचंच, म्हणून म्हटलं डीडीआर३ ची (त्या काळातल्या रॅमचा प्रकार) ८ जीबीची एक स्टिक, म्हणजे रॅमची पट्टी, टाकू, हजारभरात भागेल.

ऑनलाइन एकाची जाहिरात सापडली (नाव मुद्दाम लिहीत नाहीये), १६०० मेगाहर्ट्झ, "सर्व डेस्कटॉपला चालते", ११५० रुपये. बाकीच्यांकडे तीच दीड-पावणेदोन हजारला होती, तिथेच शंका यायला हवी होती पण स्वस्त दिसलं की आपली अक्कल गहाण पडते.

आली, लावली, बटण दाबलं आणि नुसतं बीप बीप, डिस्प्लेच नाही. मग नेहमीचे उपाय, खोडरबरने पिना घासल्या, स्लॉट बदलला, बोर्डवरचा सेल काढून परत घातला, जुनी काढून ही एकटी लावली, काही नाही. जुनी लावली की मशीन झक्क सुरू.

विक्रेत्याला फोन केला तर "सर तुमचा बोर्ड गेलाय, आमचा माल टेस्टेड आहे", आणि दहा मिनिटांत व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ, बघा चालतेय, स्क्रीनवर ८ जीबी दिसतंय. मी गपगार. खूप मागे लागल्यावर बदलून दिली तर दुसरीही तशीच, आणि या सगळ्यात रिटर्नचे सात दिवस संपले. बहुतेक त्यासाठीच चालढकल होती.

शेवटी कॅबिनेट स्कूटरवर पायाशी ठेवून तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात नेलं. तिथल्या एका रिपेअरवाल्या काकांनी स्टिकरकडे बघितलंच नाही, भिंग लावून थेट चिपवरचे आकडे वाचले आणि म्हणाले, "ही एएमडीवाली आहे, तुमच्यात जन्मात चालणार नाही." (एएमडी म्हणजे प्रोसेसर बनवणारी इंटेलची स्पर्धक कंपनी.)

भानगड अशी आहे. रॅमला एका वेळी ६४ बिट द्यावे लागतात. साध्या ८ जीबीच्या स्टिकवर आठ-आठ बिटच्या चिप्स असतात, आठ या बाजूला आठ त्या बाजूला. माझ्यावाल्यात चार-चार बिटच्या १६ होत्या, सर्व्हरच्या रॅमवर असतात तसल्या. इंटेलच्या घरगुती मशीनला त्या चालत नाहीत, एएमडीच्या त्या काळातल्या बोर्डांवर चालतात. मोजायला गेलं तर दोन्हीकडे १६ च, त्यामुळे नुसतं बघून कळत नाही. आणि वरच्या स्टिकरवर तर "२आरएक्स८" छापलेलं, म्हणजे आठ बिटवाली. साफ खोटं!

घरी येऊन तो व्हिडिओ परत बघितला तर मशीन सुरू होताना क्षणभर एएमडीचा लोगो येतो. म्हणजे त्याला सगळं माहीत होतं हो, तरी माझ्या बोर्डाला नावं ठेवत होता.

तर घेण्याआधी विक्रेत्याकडून चिपचा जवळून फोटो मागवा, स्टिकरचा नाही. सॅमसंगची ४ गिगाबिटची चिप असेल तर "के४बी४जी" च्या पुढे ०४ म्हणजे चार बिटवाली, ०८ म्हणजे आठवाली, इंटेलला ०८ पाहिजे. जी४१ चा (इंटेलचाच अजून जुना चिपसेट) बोर्ड असेल तर त्याचं दुखणं अजून वेगळं, तिथे ४ जीबीची स्टिकसुद्धा १६ चिप्सचीच लागते, आठ चिप्सची धड चालत नाही.

मी शेवटी काकांकडूनच ४-४ जीबीच्या दोन जुन्या घेतल्या, तिथेच लावून, मेमटेस्टची (रॅम तपासायचा प्रोग्राम) एक फेरी पूर्ण होईपर्यंत चहा पीत बसून. १९१५ वर ग्राहक हेल्पलाइनला तक्रार टाकलीय, पैसे अजून आलेले नाहीत. काल सहज बघितलं तर ती जाहिरात तशीच आहे, किंमत फक्त पन्नास रुपयांनी उतरलीय.