पदार्थज्ञानाची मांडणी: वर्गीकरणाचा वृक्ष की संकल्पना नकाशा?

अभियांत्रिकी पदार्थांविषयीचे ज्ञान शिकवण्यासाठी नीट मांडायचे ठरवले, की दोन पर्याय समोर येतात. धातू, सिरॅमिक, पॉलिमर आणि कॉम्पोझिट अशा चार फांद्या पाडून त्यांखाली पोटविभाग करत जाणारा वृक्ष हा पहिला. संकल्पनांच्या चौकटी बाणांनी जोडून प्रत्येक बाणावर त्या दोहोंतला संबंध शब्दांत लिहायला लावणारा संकल्पना नकाशा हा दुसरा. भोसरीच्या कारखान्यांत नव्याने रुजू होणाऱ्या पदविकाधारकांना हा विषय शिकवताना मी दोन्ही वापरले आहेत. पुढील मत त्या अनुभवावरच बेतलेले आहे; इतरांचा अनुभव वेगळा असू शकतो.

वृक्षाचे गुण नाकारण्याचे कारण नाही. तो लवकर तयार होतो, लक्षात राहतो आणि एखादा पदार्थ कोणत्या घराण्यातला हे विचारले तर क्षणात उत्तर देतो. त्याला घनता, ताणबल आणि दर यांच्या तक्त्याची जोड दिली, तर ग्रेड निवडण्याचे काम त्याच्याइतके सोयीने दुसरे काहीच करत नाही. पोलादाची घनता ७.८५ आणि ॲल्युमिनियमची २.७ (ग्रॅम प्रति घन सेंटिमीटर) हे आकडे शेजारी-शेजारीच वाचायचे असतात. नकाशात ते विखुरतात.

माझे मत फिरले ते ग्रॅफाइटमुळे, म्हणजे कार्बनच्या एका रूपामुळे. राखाडी बिडात (एक प्रकारच्या ओतीव लोखंडात) ते पापुद्र्यांच्या रूपात असते. ताण आला की हे पापुद्रे भेगांसारखे वागतात, म्हणून बीड ठिसूळ असते. पण तेच पापुद्रे कंपने शोषून घेतात, म्हणून लेथचा बेड, म्हणजे या कातयंत्राचा जड पाया, बिडाचा करतात. वितळलेल्या रसात मॅग्नेशियम मिसळले की ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात घट्ट होते आणि एस.जी. आयर्न (गोलाकार ग्रॅफाइटचे बीड) मिळते, ज्याचे क्रँकशाफ्टसुद्धा ओतले जातात. धातू वितळवायच्या मुशीत ग्रॅफाइट असते, टूलरूममधल्या, विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या स्पार्क मशीनचा इलेक्ट्रोडही ग्रॅफाइटचा असतो आणि कोरडे वंगण म्हणूनही तेच वापरतात. वृक्षात प्रत्येक नोंदीला एकच पालक असतो. त्यामुळे ग्रॅफाइट धातूंच्या फांदीवर बिडाखाली, सिरॅमिकच्या फांदीवर मुशीखाली आणि पुढे आणखी कुठेकुठे पुन्हा पुन्हा लिहावे लागते. एका जागची नोंद सुधारली, तर बाकीच्या जागी जुनीच राहते. त्याहून वाईट म्हणजे, थरांच्या आत घट्ट आणि थराथरांमध्ये सैल असलेली एकच रचना या पदार्थाच्या निसरडेपणामागे आणि वीजवाहकतेमागेही आहे, हे सांगायला वृक्षात जागाच उरत नाही.

नकाशात ग्रॅफाइटची चौकट एकच राहते आणि बाण तिच्यापर्यंत येतात. शिकणाऱ्याने ‘ग्रॅफाइट – ठिसूळ करते – बीड’ असे लिहिले, की मी शेजारी एस.जी. आयर्नची चौकट ठेवतो. त्यातही ग्रॅफाइट आहे आणि ते तसे ठिसूळ नाही, मग बाणावरचे वाक्य खरे कसे? थोडा विचार करून तो स्वतःच मध्ये ‘ग्रॅफाइटचा आकार’ ही चौकट घालतो आणि मॅग्नेशियमचा बाण तिच्याकडे वळवतो. समजुतीतली फट अशी नेमकी दिसते. त्याचे नवल वाटू नये, कारण १९७२ मध्ये कॉर्नेल विद्यापीठात जोसेफ नोव्हाक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही पद्धत घडवली तीच मुळी मुलांची विज्ञानाची समज काळानुसार कशी बदलते हे टिपण्यासाठी.

नकाशाला वेळ अधिक लागतो आणि आवर घातला नाही तर त्याचे जाळे होते, हेही सांगायला हवे. त्यावर नोव्हाक यांनीच सुचवलेला उपाय मला पुरेसा वाटतो: नकाशा विषयावर न काढता एका नेमक्या प्रश्नावर काढावा आणि संकल्पना पंधरा ते पंचवीसच्या आसपास ठेवाव्यात. माझी त्यात एक भर आहे. बाणावर ‘संबंध आहे’ एवढेच लिहू देऊ नये. ‘वाढवते’, ‘रोखते’, ‘पासून बनते’ असे क्रियापद मागावे. सीमॅप टूल्स या सॉफ्टवेअरवर नकाशा नंतर नीटनेटका करता येतो, परंतु पहिला खर्डा फळ्यावर चिकटचिठ्ठ्या लावूनच करावा असे मला वाटते, कारण चौकटी हलवताना होणारी चर्चा फार मोलाची असते.

खरेदी विभागासाठी यादी करायची असेल तर वृक्ष आणि तक्ता खुशाल निवडावा. पण हाताखाली माणसे शिकवून तयार करायची असतील, तर निदान एकदा ‘लेथचा बेड बिडाचाच का करतात?’ हा प्रश्न फळ्याच्या माथ्यावर लिहून नकाशा काढून पाहावा आणि ग्रॅफाइटची चौकट शिकणाऱ्यालाच लावू द्यावी.