कांदा वाळवायला मॅग्नेट्रॉन की सॉलिड-स्टेट?
अंबड एमआयडीसीत कांद्याचे काप वाळवणारा भाचा विचारत होता, "मामा, मायक्रोवेव्ह लहरी तयार करायला काय घेऊ, मॅग्नेट्रॉनची नळी की ट्रान्झिस्टरवर चालणारं सॉलिड-स्टेट?"

किमतीत मॅग्नेट्रॉन खूपच स्वस्त. विजेतही तोच पुढे: २४५० मेगाहर्ट्झला साधारण ७० टक्के वीज लहरींत उतरते, ट्रान्झिस्टर सहसा मागे पडतो.

टिकण्यात उलटं. मॅग्नेट्रॉनच्या निर्वात नळीत थोरियमयुक्त टंगस्टनची तार तापून इलेक्ट्रॉन सोडते. काही हजार तासांत ती थकते. काप वाहून नेणारा पट्टा रिकामा धावला की परतलेल्या लहरी तिलाच भाजून काढतात. परतलेल्या लहरी नळीकडे न जाऊ देता बाजूला वळवणारा सर्क्युलेटर बसवच, तिथे पैसे वाचवू नकोस. सॉलिड-स्टेटला तार नाही, हजारो व्होल्टही नाहीत. पन्नासच्या आसपास भागतं. वारंवारता बदलता येते, त्यामुळे काप कमी करपतात.

टनावारी कांदा असेल तर मॅग्नेट्रॉन, एक नळी जास्तीची ठेवून. थोडा, नाजूक माल असेल तर सॉलिड-स्टेट.